अंड्यांची अदलाबदल

ओळखायला सोपं आहे, म्हणाल्या डॉक्टर प्रॉथरो.
राखी पाठ, गुलाबी पाय: हेरिंग कुरव.
पाटीच्या रंगाची पाठ, पिवळे पाय: काळपाठ्या.
एकाच्या डोळ्याभोवती केशरी कड,
दुसऱ्याच्या लाल, रात्रभर जागल्यासारखी.
एकाचा आवाज बेटभर,
दुसऱ्याचा नाकात, जरा खालच्या पट्टीत.
आमच्या वडिलांना ह्यातलं काही ऐकायचं नव्हतं.
त्यांच्या लेखी दोघंही सारखेच चोर,
वाळत घातलेल्या बांगड्यांवर पहिला हक्क सांगणारे.

बेटावर तेव्हा आम्ही आठ माणसं.
दीपगृहाचे तिघे, आम्ही चौघं,
आणि लेन. लढाईत लिव्हरपूलहून आला होता,
गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात मुखवट्याचं खोकं.
लढाई संपली. न्यायला कुणी आलं नाही.
आईने त्याची खुर्ची चुलीजवळ सरकवली, एवढंच.

मे महिन्यात आम्ही तिघं निघायचो,
लेनच्या हातांत लोकर भरलेल्या बादल्या.
हेरिंगची घरटी कड्याच्या धारेवर,
काळपाठ्यांची आत, नेच्यांच्या दाटीत.
डोक्यावर उलटी टोपली घालून चालायचं,
नाहीतर टाळू फोडतात.
ह्यांची अंडी त्यांच्यात, त्यांची ह्यांच्यात.
हातात घेतली की कळायचं नाही कुठलं कुणाचं:
तेच शेवाळी कवच, तेच शाईचे शिंतोडे.
मी पेन्सिलने आकडे घालायचे.
लेन एखादं कानाशी धरायचा.
"आत कुणीतरी वाद घालतंय," म्हणायचा,
आमच्याच वेल्शमध्ये. इंग्रजी आता त्याची अडखळायची.

गुलाबी पायांची एक परतली.
परकं अंडं चोचीने जरा फिरवून पाहिलं,
पोटाखाली सरकवलं,
आणि बसली.
पिल्लं निघाली ती सगळी सारखीच, ठिपक्याठिपक्यांची,
आणि सगळ्यांचा टोचा
मोठ्यांच्या चोचीवरच्या तांबड्या टिकलीवर.
ती टिकली दोन्ही जातींना आहे.
भूक भागायला तेवढी पुरली.

जुलैत पायांत कडी चढवली.
ऑक्टोबरात काळपाठे दक्षिणेला गेले, नेहमीसारखे.
हेरिंग जात नाहीत. हिवाळाभर
आमच्या उकिरड्यावर उभे,
वाऱ्याकडे तोंड करून.

फेब्रुवारीत पोर्तुगालहून पत्र आलं,
पेनिशच्या कुणा कोळ्याचं, कागदाला तेलाचा वास.
आत ॲल्युमिनियमचं कडं, चपटं झालेलं.
मी वहीत आकडा शोधला.
हेरिंगचं अंडं, काळपाठ्यांच्या घरट्यातलं.
ज्यांनी भरवलं त्यांच्या मागोमाग
बिस्केचा उपसागर ओलांडून गेलेलं.
डॉक्टरबाईंची तार आली. वडिलांनी ती दोनदा वाचली
आणि टोपीत ठेवली.

मग मार्चमध्ये दुसरं पत्र, मोरोक्कोहून.
काळपाठ्याचं अंडं, हेरिंगच्या घरट्यातलं.
त्याला वाढवणारे दोघं इथेच होते,
उकिरड्यावर. मी रोज पाहत होते त्यांना.
वाट दाखवायला कुणी नव्हतं. तरी गेलं.

"म्हणजे नेमकं काय समजायचं?" आईने विचारलं.
डॉक्टरबाईंनी त्यावर पुढे चाळीस पानं लिहिली.
लेनने दोन्ही कडी तळहातावर घेतली,
फाशांसारखी खुळखुळवली बराच वेळ,
मग खिडकीत ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी,
आणि होडीला डांबर लावायला गेला.
त्याला तेव्हा सतरावं लागलं होतं.
दार उघडंच असायचं आमचं.
तिकडे चौकशी करायला हवी होती का आम्ही?
एकदा आईने कागद काढला होता. पत्ता मात्र आठवेना कुणाला.

आता तो होडीतून पर्यटक आणतो,
पाठ वाकलेली, भुवया समुद्रमिठासारख्या.
लोक विचारतात, हा कुठला, तो कुठला.
"पाय बघा," तो सांगतो, "पिवळे की गुलाबी."
"आणि तुम्ही? तुम्ही इथलेच का?"
लेन वल्हं थांबवतो,
आणि स्वतःचा गमबूट वर उचलून
त्यांना दाखवतो.